नास्कार: शेवटची रेस जिंकणारा चॅम्पियन? माझ्या पोस्टचा खुलासा

"नास्कारच्या प्लेऑफमध्ये फिनिक्सची शेवटची रेस जिंकेल तोच चॅम्पियन" ही पोस्ट मीच टाकली होती (नास्कार म्हणजे अमेरिकेतली कार रेसिंग मालिका, प्लेऑफ म्हणजे सीझनच्या शेवटच्या, टायटल ठरवणाऱ्या रेस, फिनिक्स हा तिथला ट्रॅक), आता ती बऱ्याच ग्रुपवर फिरतेय, आणि ती चुकीची आहे. सॉरी मंडळी.

खरा नियम असा होता की प्लेऑफमध्ये शेवटी उरलेल्या चार ड्रायव्हरमध्ये जो शेवटची रेस पुढे संपवेल तो चॅम्पियन, रेस कोणीही जिंको. २०१४ ते २०२२ दरवर्षी चॅम्पियननेच सीझनची शेवटची रेस जिंकली म्हणून माझा घोळ झाला. पण २०२३ ला रेस रॉस चॅस्टेनने जिंकली, टायटल दुसऱ्या आलेल्या रायन ब्लेनीला. २०२५ ला तर चौघांपैकी डेनी हॅमलिन तब्बल २०८ लॅप पहिल्या नंबरवर होता, अगदी शेवटी कॉशन आलं (पिवळा झेंडा, सगळ्यांना हळू चालवावं लागतं), त्याने चार टायर बदलले, चौघांपैकीच काइल लार्सनने दोनच, म्हणजे कमी वेळात, आणि एकही लॅप पहिल्या नंबरवर नसताना तिसरा येऊन लार्सन चॅम्पियन! हॅमलिनसाठी अजून वाईट वाटतं.

आणि २०२६ पासून ते चौघांचं प्रकरणच बंद झालंय, परत 'चेस' हा जुना फॉरमॅट आलाय, १६ ड्रायव्हर, शेवटच्या १० रेसचे पॉइंट मिळून टायटल.

जुनी पोस्ट मी डिलीट केलीय, प्लीज पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवली असेल तिथे हे टाका.