"आमच्या घराण्यात कुणीच बहिरं नाही"

नात्यात लग्न ठरताना कुणी शंका काढली की हे वाक्य येतंच येतं. आणि मूल झाल्यावर त्याला ऐकू येत नाही हे कळलं की परत तेच वाक्य, फक्त यावेळी सुनेकडे बघून. मला दोन्ही वेळा ते ऐकून डोक्यात जातं.

अहो, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांच्या आईवडिलांना चांगलं ऐकू येत असतं! अनुवंशिक बहिरेपण बहुतेक वेळा रिसेसिव्ह असतं, म्हणजे सदोष जनुक एकाच बाजूने आलं तर माणसाला काहीच होत नाही, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही आणि ते गुपचूप पुढच्या पिढीत जातं. दोन्हीकडून आलं की मग त्रास. जीजेबी२ हे त्यातलं सगळ्यात जास्त सापडणारं जनुक, १९९७ पासून माहिती आहे.

आता आतेमामे भावंडांचे एका बाजूचे आजीआजोबा एकच, त्यामुळे साधारण १२.५ टक्के जनुकं सारखी, मग लपलेलं तेच जनुक दोघांकडे असायची शक्यता परक्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि दोघंही वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नसून ते जनुक बाळगणारे, असतील तर २५ टक्के धोका, तोही प्रत्येक बाळंतपणात. एकाला झालं म्हणजे पुढची तीन सेफ, हा हिशोब चांगली शिकलेली माणसंपण करतात, काय बोलणार.

नात्यात लग्न करणाऱ्यांना सरसकट अडाणी म्हणणारेही मला पटत नाहीत. अशा लग्नातली बहुतेक मुलं ठणठणीत असतात. जन्मजात दोषांचा धोका एरवी २-३ टक्के, सख्ख्या आतेमामे लग्नात ४-६ च्या आसपास. पण पिढ्यानपिढ्या घरातल्या घरातच लग्नं होत आली असतील तर तो आणखी वाढतो, तेव्हा आधी जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे अनुवंशिक धोक्याबद्दल तज्ज्ञांचा सल्ला, घ्या ना, त्यात कसली लाज?

आणि बाळ झालं की महिन्याच्या आत ओएई ही ऐकण्याची प्राथमिक तपासणी करून घ्या, झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. शंका आली तर बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी तपासणी), तीन महिन्यांच्या आत निदान, सहाच्या आत कानाचं मशीन किंवा पुढचे उपचार सुरू. "टाळी वाजवली की बघतो की", "त्याचा बाप पण उशिराच बोलला" असं म्हणत दोन-दोन वर्षं घालवतात लोक, आणि भाषा शिकायचं खरं वय तेच असतं. पहिली टेस्ट पास झाली तरी नंतर बोलणं मागे पडतंय असं वाटलं तर परत तपासा, काहींचं ऐकणं पुढे जाऊन कमी होतं.