‘बे’ आधी आहे म्हणून बेरीज आधी? अजिबात नाही

‘शाळेत न शिकवलेल्या गणिताच्या ४ ट्रिक्स’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि ताईने तो जसाच्या तसा पाचवीतल्या भाचीला वाचून दाखवला. काल तिची वही बघितली तर १० − ४ + ३ = ३! ४ + ३ भोवती पेन्सिलने गोल, बाजूला ‘आधी बेरीज’. तेव्हापासून डोकं फिरलंय.

मेसेज म्हणतो, कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम लक्षात ठेवायचा शब्द) मध्ये ‘बे’ हा ‘व’ च्या आधी येतो म्हणून बेरीज आधीच करायची. साफ चूक. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जे आधी येईल ते आधी. भाचीला म्हटलं, तुझ्याकडे १० रुपये होते, ४ चं खोडरबर घेतलंस, मग आजीने ३ दिले, आता किती? लगेच ९ म्हणाली. मग वहीत ३ कुठून आले? वजाचं चिन्ह फक्त ४ चं आहे, आधी बेरीज केली की ते ३ ला पण लागतं आणि आजीने दिलेले पैसे खर्चात जातात. एनसीईआरटीचं सातवीचं नवीन ‘गणित प्रकाश’ (२०२५) काढून बघा, त्यात वजाबाकीला ऋण संख्येची बेरीज करून पदं पाडायला शिकवलंय. म्हणजे इथे १०, −४ आणि ३, आता कुठलंही पद आधी घ्या, ९ च येणार.

दुसरी ट्रिक, भागाकार नेहमी गुणाकाराच्या आधी. बरं, यात उत्तर चुकत नाही हे मान्य करते. १२ × ६ ÷ ३ कसंही केलं तरी २४. पण नियम तो नाहीच, तिथेही डावीकडून उजवीकडेच जायचं असतं. अमेरिकेत मुलांना जे पेमडास (तिकडचं कंचेभागुबेव) पाठ करायला लावतात त्यात गुणाकाराचं अक्षर आधी येतं, तसं शब्दशः धरलं तर १२ ÷ ३ × २ चं उत्तर ८ ऐवजी २ येतं. अक्षरांचा क्रम फक्त लक्षात ठेवायला असतो हो.

तिसरं म्हणे कॅल्क्युलेटर २ + ३ × ४ चं उत्तर २० देतो म्हणून शाळेतलं १४ चूक. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर × दाबताच आधीची बेरीज करून मोकळा होतो, मोबाईलवर तेच टाका, १४ येईल.

आणि चौथी, जी मला सगळ्यात जास्त खटकली: शाब्दिक उदाहरणात ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘एकूण’ दिसलं की बेरीज, बाकी वाचायची गरज नाही. वाचायची गरज नाही?? ‘राजूने ५ गोट्या मित्राला दिल्या, त्याच्याकडे ८ उरल्या, तर आधी किती होत्या?’ हे मी भाचीला दिलं. तिने ‘उरल्या’ खाली रेघ मारली आणि ८ − ५ = ३ लिहिलं. मग तेरा बटणं घेऊन बसलो, तिने स्वतः पाच माझ्या हातात दिली आणि उरलेली आठ मोजली. ३ खोडून १३ तिने आपणहून लिहिलं, मी काहीच सांगितलं नव्हतं. ताई, तो मेसेज ग्रुपवरून काढून टाक.