नॅनोट्यूब आणि ॲस्बेस्टॉस : परळहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

कर्करोगाचे औषध गाठीपर्यंत नेणाऱ्या कार्बन नॅनोट्यूबवरील, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नलिकांवरील, माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. या नलिका म्हणजे नव्या नावाचा ॲस्बेस्टॉसच (श्वासावाटे शरीरात जाऊन कर्करोग करणारे तंतुमय खनिज) असून ती गोष्ट मी लिहिली नाही, हा पहिला. आणि परळच्या कर्करोग रुग्णालयाबाहेर फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांना अशा लेखांमुळे नसती आशा लागते, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ‘लवकरच’ हा शब्द मी दोनदा वापरला आणि त्याला काहीही आधार नव्हता. 2008 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पॅक्लिटॅक्सेल हे औषध नॅनोट्यूबला जोडून दिले, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाची गाठ नेहमीच्या औषधापेक्षा अधिक रोखली गेली, हे खरे. पण ते उंदरांमध्ये. कार्बन नॅनोट्यूबवर बेतलेले कर्करोगाचे एकही औषध आजवर रुग्णांसाठी मंजूर झालेले नाही. हे वाक्य माझ्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात असायला हवे होते.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी अर्धाच सहमत आहे. मुंबईत कित्येक वस्त्यांच्या डोक्यावर अजूनही ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत, त्यामुळे तुलना ऐकताच मन धास्तावते हे मी समजू शकतो. ही तुलना निराधारही नाही. 2008 सालीच एडिंबरोच्या संशोधकांनी लांब, ताठ, अनेक भिंतींच्या (एकात एक बसलेल्या नळ्यांच्या) नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचल्या, तेव्हा तिथल्या अस्तराला लांब ॲस्बेस्टॉस तंतूंमुळे येते तशीच सूज आली आणि दाहाच्या तशाच गाठी (कर्करोगाच्या नव्हेत) धरल्या. परंतु त्याच प्रयोगात आखूड किंवा एकमेकांत गुंतलेल्या नॅनोट्यूबमुळे तसे झाले नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न याच फरकात आहे. आपल्या भक्षक पेशी दहा-वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. त्याहून लांब आणि ताठ तंतू त्यांना पुरता गिळता येत नाही, तो अर्धवट तोंडात अडकून राहतो आणि पेशी दाह वाढवणारी रसायने सोडत राहते. म्हणजे घात करतात ते लांबी, ताठपणा आणि न विरघळणे हे गुण. म्हणूनच औषधासाठीच्या नलिका आखूड करतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर पाण्यात मिसळणारे रेणू बसवतात. अशा एकेरी भिंतीच्या नलिका उंदरांच्या लघवीवाटे बाहेर पडल्याचे 2006 साली दिसले, तर पांढऱ्या पेशींमधील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यांचे विघटन करू शकते, हे 2010 साली.

एवढ्यावरून मी त्यांना निर्धोक म्हणणार नाही. यकृतात आणि प्लीहेत अडकून राहणाऱ्या नलिका आणि निर्मितीत वापरलेल्या लोह-निकेलचे अवशेष हे प्रश्न शिल्लक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2014 साली अनेक भिंतींच्या नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराला, एमडब्ल्यूसीएनटी-7 ला, ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले. बाकीच्यांचे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. पुरावा अपुरा असणे आणि वस्तू सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ‘नॅनोट्यूब’ म्हणजे केवळ कार्बन नव्हे. हॅलॉयसाइट या मातीच्या नैसर्गिक नलिका किंवा दोन अमिनो आम्लांच्या जोडीपासून आपोआप रचल्या जाणाऱ्या पेप्टाइडच्या नलिका यांची तपासणी स्वतंत्रपणेच व्हायला हवी.

आपली तुलना सर्वांत खरी ठरते ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. ॲस्बेस्टॉसने सर्वाधिक बळी घेतले ते खाणीत, कारखान्यात आणि बांधकामावर ती धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांचे. नॅनोट्यूबची कोरडी भुकटी तोलणारा, भांडी घासणारा, प्रयोगशाळेची फरशी पुसणारा माणूस आज त्याच जागी उभा आहे, आणि त्याच्याविषयी माझ्या लेखात एक ओळही नव्हती. ‘लवकरच’ काढून टाकला आहे, आणि त्या माणसाविषयीचा परिच्छेद आज जोडला आहे.