साहतीला फेस नसतो, तो दोष नाही

साहती म्हणजे फिनलंडची पारंपरिक घरगुती बिअर. ती पहिल्यांदा चाखणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते : फेस नाही, गढूळ आहे, शिळी दिसते. मला हे मनापासून खटकतं. जे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं त्यालाच नावं ठेवली जातात आणि जे खरोखर बिघडलंय ते कुणाच्या लक्षात येत नाही.

साहतीत माल्टाचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, अर्क बहुधा उकळतच नाहीत. साधारण 10 किलो माल्ट, त्यात किलोभर राय (गव्हासारखं एक धान्य). गरम पाणी थोडं थोडं ओतत चार-पाच तासांत तापमान 40 अंशांवरून 70 च्या आसपास न्यायचं. इथे घाई केली की स्टार्चची साखर अर्धवटच होते. हा घोळ मग कूर्नात ओततात. कूर्ना म्हणजे ओंडका कोरून केलेली लांबट डोणी, तळाशी जुनिपर या सुईसारख्या पानांच्या सदाहरित झुडपाच्या फांद्या अंथरलेली. गाळणी तीच आणि वासही तिचाच. एवढ्या माल्टातून 20 लिटरच्या आसपास अर्क मिळतो.

फांदी निवडताना मात्र डोळे उघडे हवेत. कॉमन जुनिपरच्या सुया तीन-तीनच्या घोसात येतात आणि प्रत्येक सुईच्या वरच्या बाजूला पांढरट पट्टा असतो. विषारी सॅबिन जुनिपरच्या वाढलेल्या झाडावर खवल्यांसारखी, फांदीला चिकटलेली पानं दिसतात. ओळख पक्की नसेल तर ती फांदी घेऊच नये. कोवळ्या हिरव्या फांद्या घ्याव्यात, त्याही बेतानं. जाड खोडकं भरली की साहती तुरट होते आणि जिभेवर राळ बसते.

यीस्ट पावाचं! 20 लिटरला 50 ग्रॅमपर्यंत ताजं यीस्ट पुरतं. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो त्याचाच. बिअरचं साळसूद यीस्ट घालून ती ओळख पुसून टाकलेल्या पेयाला साहती म्हणायला माझी तयारी नाही. युरोपीय संघाने 2002 मध्ये साहतीला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं, ते याच पद्धतीला.

अर्क न उकळल्यामुळे प्रथिनं त्यातच राहतात, म्हणून ती गढूळ आणि अंगानं दाट. पण आंबट करणारे जिवाणूही त्याच कारणानं तग धरतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस जोरात आंबली की ती थंडीतच ठेवायची आणि काही आठवड्यांत संपवायची. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून बाहेर ठेवली तर आंबणं चालूच राहतं, बाटली फुटते.

चाखताना 8 ते 10 अंश पुरे. बर्फासारखी गार केली की वास मरतो. पेला लहान घ्या, कारण साधारण 8 टक्के अल्कोहोल गोडव्याखाली दडलेलं असतं. आधी हुंगा. केळं पुढे यावं, मग रायच्या पावाचा भाजका पापुद्रा, आणि जुनिपर अगदी शेवटी, घोट गिळल्यावर, नाकात हलकासा. जुनिपरच आधी येऊन आदळला तर फांद्या जास्त झाल्या. आंबलेल्या दह्याचा वास आला तर साहती गेली, तिला परंपरेची चव म्हणून पिऊ नका. भांडं उघडलं असेल तर उरलेली थंडीत ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.