सांगलीत बेगोनिया मरतो तो बहुतेकदा पाण्याने

गेल्या महिनाभरात एकच संदेश मला चार ग्रुपवर आला. थोडक्यात असा: ‘बेगोनिया हे महाबळेश्वरच्या थंड हवेचं झाड, सातारा-सांगलीकडे जगत नाही. हौसच असेल तर घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, पानांवर फवारा मारा, चहाचा चोथा टाका. पानं गळाली की झाड गेलं समजा.’ सांगलीच्या गच्चीवर मी कित्येक वर्षं बेगोनिया लावते आहे. हा सल्ला ऐकून ओळखीतल्या तिघींनी चांगल्या कुंड्या घालवल्या, म्हणून लिहायला बसले.

थंड हवेचं आधी बघू. बेगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या. कडाक्याची थंडीच त्यांना सोसत नाही. लांब कशाला, ऐन पावसाळ्यात साताऱ्याहून कासला जाताना रस्त्याकडेच्या दगडांकडे बघत जा. शेवाळलेल्या कातळावर बोटभर मातीत फिकट गुलाबी फुलांचा एक रानबेगोनिया उभा असतो. बेगोनिया क्रेनाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. हे झाड आपल्याच सह्याद्रीचं आहे. आणि ते कुठे उगवलंय हेही बघा: पाऊस धो धो पडतो, पण मुळाशी थेंबभर साचत नाही, सगळं पाणी दगडावरून वाहून जातं.

संदेशात एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. हिवाळ्यात नर्सरीत गुलाबासारख्या भरगच्च फुलांचे बेगोनिया मिळतात. त्यांना आपला एप्रिल झेपत नाही, ते हंगामापुरतेच समजून आणावेत. पण छोट्या मेणचट पानांचा वॅक्स बेगोनिया, बांबूसारख्या पेरांचा उंच केन बेगोनिया, हे दोन्ही इथे वर्षानुवर्षं राहतात. रंगीत पानांचा रेक्स जरा नाजूक, पण तो मुळात आसामकडचा. त्याला आपल्या उन्हाळ्यातली कोरडी हवा जास्त जाचते. चार कुंड्या वीतभर अंतर सोडून जवळ जवळ ठेवल्या आणि खाली खडीच्या ताटलीत पाणी ठेवलं, कुंडीचा तळ पाण्याला न लागू देता, की तोही तरतो.

अंधारा कोपरा तर नकोच. अंधारात फांद्या उजेडाच्या शोधात लांबतात, पेरं विरळ होतात, फुलं थांबतात. सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन आणि पुढे दिवसभर झिरपता उजेड, एवढं त्याला हवं. पश्चिमेचं ऊन तेवढं टाळा. माझ्या कुंड्या उन्हाळ्यात शेडनेटखाली असतात, बाकी वर्षभर पूर्वेच्या कठड्याला.

आता पाणी. सगळ्यात जास्त झाडं इथे जातात.

मागच्या मे महिन्यात शेजारच्या काकूंनी हाक मारली. “अगं, दोन वेळा पाणी घालतेय, तरी मान टाकलीय बघ.” कुंडी उचलली तर दगडासारखी जड. खोड दोन बोटांत धरून जरासं ओढलं आणि झाड अलगद हातात आलं. मातीलगतचं खोड तपकिरी, पिळपिळीत, दाबलं की पाणी सुटत होतं. मुळं जवळजवळ उरलीच नव्हती. कुंडीतली माती म्हणजे मळ्यातली चिकट काळी माती, एकदा भिजली की चार दिवस ओली.

इथेच सगळे फसतात. तहानलेला बेगोनिया मान टाकतो आणि मुळं कुजलेला बेगोनियाही तशीच मान टाकतो. मुळं कुजली की ओल्या मातीतलंसुद्धा पाणी झाडाला ओढता येत नाही. आपण वरून बघतो, तहान समजतो आणि आणखी तांब्याभर ओततो. मान टाकलेली दिसली की आधी बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात मागे. कुंडी उचलून वजन बघायची सवय लागली की बोटाचीही गरज राहत नाही.

काळी माती टाकून द्यायची नाही. मी तिचा एकच भाग घेते, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं जुनं शेणखत आणि एक भाग विटांचा बारीक चुरा. कुंडी मातीची आणि बेताची. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

फवाऱ्याचं तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना वेगळं सांगायला नको, भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग त्यांना पाठ असतात. द्राक्षाची भुरी आणि बेगोनियाची भुरी यांची बुरशी वेगळी, एकीकडून दुसरीकडे जात नाही, पण कोंदट जागेत दाटीवाटीने ठेवलेल्या झाडावर पांढरी भुकटी तशीच चढते. पान रात्रभर ओलं राहिलं तर काळपट ओलसर डाग पडतात ते निराळे. त्यामुळे पाणी मुळाशी, सकाळी. डागाळलेलं पान देठापासून काढून टाका, कुंड्यांमध्ये वीतभर हवा खेळू द्या. रेक्सच्या केसाळ पानांवर तर पाणी नकोच.

चहाचा चोथा आपल्याकडे दूध-साखरेचा असतो. तो थेट टाकला की मुंग्या, बुरशी आणि चिलटं. स्वच्छ धुऊन आधी कंपोस्टमध्ये जाऊ द्या.

राहिलं ‘पानं गळाली की झाड गेलं’. कासचा रानबेगोनियाही पाऊस सरला की वरून वाळून जातो, कंद मात्र जिवंत राहतो आणि पुढच्या पावसाला फुटतो. कुंडीतले कंदाचे बेगोनियाही असेच झोपतात. कंद दाबून बघा, टणक लागला तर पाणी बंद करून कुंडी सावलीत ठेवा आणि कोंब दिसला की पुन्हा थोडं थोडं पाणी सुरू करा.

काकूंच्या झाडाचं खोड खालून गेलं होतं, पण शेंडा हिरवा होता. कुजका भाग पूर्ण कापला, दोन पेरं ठेवून शेंडा पाण्याच्या ग्लासात उभा केला, पाणी दर दोन दिवसांनी बदललं. तीन आठवड्यांनी पांढरी मुळं सुटली. आता ती कुंडी काकूंच्या पूर्वेच्या खिडकीत आहे आणि पाणी घालण्याआधी काकू ती उचलून बघतात.