मोसचे कार्य दहा दगडांपुरते नव्हते

खनिजांच्या कठिनतेची पट्टी देणाऱ्या फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजवैज्ञानिकाविषयी एक मत वारंवार वाचायला मिळते. त्याचा आशय असा: ‘मोसने दहा दगड ओळीने मांडले, याखेरीज काही केले नाही, ती कल्पनाही उसनी होती, शिवाय ती पट्टी चुकीची आहे, कारण तिच्यात हिरा कुरुविंदापेक्षा अवघ्या एका अंकाने कठीण ठरतो, आणि आता उपकरणे आल्यावर तिचा उपयोग शालेय पुस्तकापुरताच उरला आहे.’ या आरोपांचे वजन सारखे नाही, म्हणून ते सुटे करून पाहावे लागतात.

उसनवारीच्या आरोपात अर्धे तथ्य आहे. एका खनिजाने दुसऱ्यावर ओरखडा काढून पाहण्याची रीत प्राचीन आहे, आणि हिऱ्याला हिराच कापतो हे आपल्याकडच्या रत्नपारख्यांनाही ठाऊक होते. मोसचे गुरू आब्राहम गोट्लोब वेर्नर यांनी १७७४ मध्ये खनिजांच्या बाह्य लक्षणांची पद्धतशीर मांडणी केली, तिच्यात कठिनतेच्या पायऱ्याही होत्या. मात्र त्या ‘कठीण’, ‘अर्धकठीण’, ‘मऊ’ अशा शब्दांच्या होत्या, आणि एकाला जे अर्धकठीण वाटे ते दुसऱ्याला मऊ वाटण्यास भरपूर वाव होता. मोसने १८१२ च्या सुमारास, ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील योआनेउम या संस्थेत काम करताना, शब्दांच्या जागी प्रत्यक्ष खनिजे बसवली, सर्वांत मऊ ते पहिले आणि सर्वांत कठीण ते दहावे या क्रमाने: शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्‌झ, पुष्कराज, कुरुविंद आणि हिरा. हे दहा तुकडे ज्याच्याजवळ आहेत त्याला, तो कुठेही असो, दुसऱ्याचे निरीक्षण स्वतः पडताळून पाहता येऊ लागले. रीत जुनी असली तरी ही सोय नवी होती.

पट्टी चुकीची असल्याचा आरोप मात्र वाचणाऱ्याच्या चुकीचे खापर मोसच्या माथी फोडतो. त्याचे अंक क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. वर्गात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांमध्ये एका गुणाचा फरक आहे की चाळीस गुणांचा, हे क्रमांकावरून कळत नाही, तसेच हे आहे. नूप पद्धतीने, म्हणजे हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने दाबून खळगा मोजण्याच्या पद्धतीने पाहिले, तर कॅल्साइट सुमारे १३५, फ्लुओराइट सुमारे १६३, कुरुविंद सुमारे २,१०० आणि हिरा सुमारे ७,००० येतो. म्हणजे मोसच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीतले अंतर किरकोळ आहे आणि नवव्या-दहाव्या पायरीतले प्रचंड. पण क्रम कुठेही बिघडत नाही. त्याने मोजले ते ओरखडा पडण्यास होणारा विरोध, आघात सोसण्याची ताकद नव्हे. हिरा ऐरणीवर ठेवून घणाने ठोकला तरी शाबूत राहतो ही समजूत आपल्याकडे आहे आणि प्राचीन रोमन लेखक प्लिनीच्या लेखनातही आहे. वास्तविक हिऱ्याला पाटनाच्या, म्हणजे सहज फुटण्याच्या, दिशा असतात आणि घणाखाली त्याचा चुरा होतो. हा दोष मोसच्या पट्टीचा नाही.

कालबाह्यतेविषयी सांगायचे तर दख्खनच्या बेसाल्ट या काळ्या खडकाच्या कोणत्याही खाणीवर जावे. पोकळ्यांतून निघणारा पांढरा, चकचकीत तुकडा कॅल्साइट आहे की क्वार्ट्‌झ, हे ठरवायला तिथे खिशातला चाकू पुरतो. मोसच्या पट्टीवर चाकूचे पोलाद साधारण साडेपाचचे. कॅल्साइटवर ते सहज खाच पाडते आणि पांढरी पूड निघते. क्वार्ट्‌झवर करडी रेघ उमटते खरी, परंतु ओल्या अंगठ्याने पुसली की ती जाते, कारण ती पोलादाचीच झीज असते. नवशिके हमखास इथे फसतात. मीही फसलो आहे. नूपचे यंत्र प्रयोगशाळेत हवेच, पण ते खाणीत कोण घेऊन जाणार?

‘याखेरीज काही केले नाही’ हा आरोप सर्वांत पोकळ आहे. मोसचा खनिजविज्ञानावरील दोन खंडांचा ग्रंथ १८२२ ते १८२४ या काळात प्रसिद्ध झाला आणि त्याचे शिष्य विल्हेल्म हायडिंगर यांनी १८२५ मध्ये तो इंग्रजीत आणला. अक्षांनुसार, म्हणजे स्फटिकातून कल्पिलेल्या रेषांनुसार, स्फटिकांची विभागणी जर्मन खनिजवैज्ञानिक क्रिस्टियान वाइस यांनी १८१५ मध्ये आधी मांडली होती, आणि त्या श्रेयावरून वादही झाला. पण एकनताक्ष (एक अक्ष कलता असलेल्या) आणि त्रिनताक्ष (तिन्ही अक्ष कलते असलेल्या) स्फटिकांचे अक्ष खरोखरच काटकोनात नसतात, ही गोष्ट वाइस टाळत राहिले आणि मोसने स्वीकारली. कठिनतेच्या पट्टीपेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटते.

मोसचे अपयश शोधायचेच असेल तर ते वेगळ्या ठिकाणी आहे. रासायनिक घटक बाजूला ठेवून, वनस्पतींप्रमाणे खनिजांचेही गण-जाती असे वर्गीकरण करण्याचा त्याचा आग्रह टिकला नाही. अमेरिकेतील जेम्स ड्वाइट डेना यांनी १८३७ च्या आपल्या खनिजग्रंथात त्याच धर्तीची पद्धत वापरली होती, आणि १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सोडून रासायनिक वर्गीकरण स्वीकारले. पुढच्या आवृत्त्यांत खनिजाच्या वर्णनात कठिनतेसमोर मोसचा अंक मात्र छापला जात राहिला.