थांब, पुढचं लागेल आता

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून गेला महिनाभर मी गावी आहे, कोरेगाव तालुक्यात. मोबाईलला रेंज हवी तर गच्चीवर जावं लागतं, आणि आईला सोडून दर दहा मिनिटांनी गच्चीवर जाता येत नाही. तिच्या उशाशी तिचा जुना ट्रान्झिस्टर असतो. कव्हर उसवलंय, सेलच्या खणाचं झाकण केव्हाच हरवलंय, तिथे रबर लावलंय. काटा वर्षानुवर्षं एकाच जागी आहे : मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झ, आकाशवाणीचं पुणे केंद्र.

मागच्या शनिवारी मी तिच्यासोबत पहाटेपासून रात्रीचं प्रसारण संपेपर्यंत रेडिओ ऐकला. अख्खा दिवस. लहानपणानंतर पहिल्यांदाच. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते लिहितेय.

पहाटे आधी आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजली. तंबोऱ्यावरचं व्हायोलिन. आपल्या पिढीला ती झोपेतही ओळखू येते. ही धून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. हिटलरच्या काळात युरोपातून जीव वाचवून 1934 साली मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होता. ज्याला स्वतःचा देश सोडावा लागला, त्याच्या सुरांनी या देशातली कोट्यवधी घरं रोज उठत आली. मला हे फार मोठं वाटतं. आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘म्हंजी त्येबी आपल्यावानीच पहाटं उठत असंल.’’

मग भक्तिगीतं. सात वाजायच्या आत संस्कृत बातम्या. ‘इयम् आकाशवाणी’ एवढंच आम्हा भावंडांना कळायचं, पण ते ऐकू आलं की दप्तर भरायला घ्यायचं, हे ठरलेलं. सात पाचला प्रादेशिक बातम्या लागल्या की दादा, म्हणजे माझे वडील, चहाचा कप खाली ठेवायचे. घरात घड्याळ एकच होतं आणि तेही रेडिओवर लावलेलं. पुढे दिवसभर भावगीतं, बायकांसाठीचा कार्यक्रम, डॉक्टरांची मुलाखत, लोकगीतं.

संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शहरात वाढलेल्यांना त्याची किंमत माहीत नसते. दादा कांदा आणि आलं लावायचे. व्यापारी बांधावर येऊन जो भाव सांगेल तो खरा, अशी गावातली रीत. दादा मात्र रेडिओवरचे बाजारभाव ऐकून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं उतरवून ठेवायचे : आवक किती क्विंटल, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला की बोलणं सुरू व्हायच्या आधी ते कॅलेंडर उलटं करून समोर धरायचे. आमच्या शाळेच्या फिया त्या पेन्सिलीच्या आकड्यांवर भरल्या गेल्यात.

आणि ज्या पुणे केंद्रानं 1955 च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू केलं, त्याच केंद्रावरून दादांना कांद्याचा भाव कळायचा. मला नेमकं हेच म्हणायचंय. गदिमा-बाबूजी आणि कांद्याची आवक एकाच माईकवरून, एकाच दिवसात, एकाच घरात येत होती. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे ब्रीद मी असंच समजते.

रात्री शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला. संथ लयीतला विलंबित ख्याल, राग बागेश्री. आईला यातलं काय कळणार, असं वाटून मी बटणाकडे हात नेला. ती म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे की गं. पुढचं लागंल आता, थांब.’’ आणि पुढचं लागेपर्यंत ती ऐकत राहिली. सूर्य मावळला की या लहरींत लांबची केंद्रं घुसतात, खरखर वाढते. आई पडल्या पडल्या एका हातानं रेडिओ थोडा आडवा फिरवते, आवाज स्वच्छ होतो, मग ती हात काढून घेते. जलद लयीतलं द्रुत सुरू झालं तेव्हा तिची बोटं चादरीवर हलकेच पडत होती. तिसरीत शाळा सुटलेली माझी आई. तिला बागेश्री हा शब्द माहीत नाही. पण न निवडता कानावर पडलेलं असं किती संगीत तिच्यात साठलंय, ते मला त्या रात्री दिसलं.

हा कार्यक्रम 1952 चा. त्याच वर्षी बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी माणूस. शास्त्रीय संगीत घराघरांत नेण्याचं मोठं श्रेय त्यांना आहे आणि मी ते मनापासून देते. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटली, आकाशवाणीवरून ती आटत गेली, आणि लोकांनी काटा फिरवून श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. पेटीचंही तसंच. 1940 पासून जवळपास तीन दशकं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीवर वाढलं, तिथेसुद्धा! राष्ट्राच्या रेडिओनं एकाही दाराला कडी घालायची नसते. ख्यालही हवा, लावणीही हवी, सिनेमाचं गाणंही हवं.

आज कडी वेगळ्या बाजूनं लागतेय. नागपूरच्या प्रचंड ट्रान्समीटरवरून देशभर रात्रभर ऐकू येणारी राष्ट्रीय वाहिनी 2019 च्या सुरुवातीला बंद झाली. मध्यम लहरी जुन्या झाल्या, खर्चिक आहेत, मोबाईलच्या ॲपवर सगळी केंद्रं मिळतात, असं सांगतात. ॲप मीही वापरते, चांगलं आहे. पण ॲपला रेंज लागते, हातात मोबाईल लागतो आणि काय ऐकायचं ते आधी माहीत असावं लागतं. आईकडे यातलं एकही नाही. खर्च वाचवायचा म्हणून एकच कार्यक्रम सगळ्या केंद्रांवर सहक्षेपित करणंही मला पटत नाही. सांगलीचा भाव साताऱ्याला चालत नाही, रत्नागिरीच्या मच्छीमाराला मिळणारा वाऱ्याचा इशारा जळगावच्या केळीवाल्याच्या कामाचा नाही. केंद्र तिथलं असेल, तिथल्या माणसांचं असेल, तरच दिवसाचे हे सगळे रंग टिकतील.

म्हणून परवा आईला विचारून केंद्राला पत्र लिहायला बसले. माझे मुद्दे मी मांडले आणि तुझं काय लिहू म्हणून विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘बाजारभाव जरा दमानं वाचा म्हनावं. लिवून घ्याया येळ लागतो.’’

आम्ही कांदा लावायचं सोडून सहा वर्षं झाली. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. मागे तिच्या वाकड्या अक्षरात आवक होती, कमीत कमी, जास्तीत जास्त. शेजारच्या पोरानं यंदा पहिल्यांदाच कांदा लावलाय, तो रोज सकाळी विचारायला येतो म्हणे.